फुआ चू कांग, 'हम लोग'मधली दादी आणि आमच्या आई

२००३ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. वुडलँड्सच्या आमच्या एचडीबी फ्लॅटमध्ये सासूबाई बेसिनपाशी उभ्या राहून साबणाने हात धूत होत्या. किती वेळ? तर पार कोपरापर्यंत फेस येईपर्यंत. आणि शेजारी स्टुलावर उभा राहून माझा सात वर्षांचा मुलगा एक रॅप गाणं ओरडून म्हणत होता. सासूबाईंना (मी त्यांना आईच म्हणायचे) इंग्रजी 'थँक्यू'च्या पुढे येत नव्हतं. त्यांनी नातवाला विचारलं, "तो पिवळ्या बुटांचा माणूस नेमकं काय म्हणतो रे?" नातवाने भाषांतर केलं, "तो म्हणतो, आजी, हात धुवा, रस्त्यावर थुंकू नका आणि ताप आला तर लपवू नका."

आई हसून म्हणाल्या, "अगं बाई, हे तर तुमच्याकडचे गाडगेबाबा!"

त्या एका वाक्याने मला पुढे बरीच वर्षं कामाला लावलं. टीव्हीवरची एखादी मालिका किंवा त्यातलं एखादं पात्र माणसाला आरोग्याबद्दल काय शिकवतं, ते किती टिकतं, आणि कधीकधी चुकीचं शिकवलं तर काय होतं, याबद्दल जे जे हाती लागलं ते मी वाचत गेले. यंदा अंकासाठी काय लिहू असा विचार करताना वाटलं, हेच लिहावं. शेवटी त्यात आमच्या आईंचीही एक गोष्ट आहे, ती सांगायची राहून गेली होती.

त्या वेळी सिंगापुरात असलेल्यांना ते दिवस आठवत असतीलच. नंतर आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. फेब्रुवारीच्या अखेरीस हाँगकाँगहून परतलेल्या एका प्रवाशाबरोबर सार्स सिंगापुरात आला. टान टॉक सेंग हॉस्पिटल हे सार्सचं मुख्य रुग्णालय झालं. २७ मार्चपासून शाळा बंद झाल्या. एकूण २३८ जणांना हा आजार झाला आणि ३३ जण गेले. त्यात रुग्णांची सेवा करता करता गेलेले डॉक्टर आणि नर्सही होते. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर प्रत्येक मुलाला एक डिजिटल थर्मामीटर मिळाला. ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने सिंगापूरला सार्समुक्त ठरवलं. आमच्या आई फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. सांगलीहून रोज फोन, "परत या, परत या." आणि इकडे आमची काळजी ही, की विमानात बसवायचं तरी कसं?

अशा वातावरणात टीव्हीवर फुआ चू कांग आला. हा बाबा कोण, ते सांगायला हवं. चॅनल ५ वर १९९७ पासून २००७ पर्यंत चाललेल्या विनोदी मालिकेतला हा बांधकाम कंत्राटदार. गुरमीत सिंग हा नट ही भूमिका करायचा. कुरळ्या केसांचं टोपलं, गालावर भलामोठा तीळ, पायात पिवळे गमबूट आणि तोंडी अस्सल सिंग्लिश! आपण सिंगापुरातले आणि जोहोर बाहरूतले सर्वोत्तम कंत्राटदार आहोत, आणि काही लोक म्हणतात बाटाममधलेसुद्धा, अशी त्याची बढाई. आम्हा वुडलँड्सकरांना जोहोर बाहरू खाडीपलीकडे दिसतं, त्यामुळे ही बढाई आमच्या मुलांना विशेष प्रिय. गंमत म्हणजे १९९९ च्या नॅशनल डे रॅलीच्या भाषणात पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी याच पात्राच्या सिंग्लिशबद्दल नापसंती व्यक्त केली होती, आणि मग मालिकेत बिचाऱ्याला इंग्रजीच्या शिकवणीला जावं लागलं होतं. चार वर्षांनी सार्स आल्यावर लोकांपर्यंत पोचायला मात्र तोच पिवळ्या बुटांचा माणूस कामी आला. आरोग्य खात्याचं पत्रक आमच्या मजल्यावरच्या चिनी आंटीने वाचलं असेल नसेल, पण तो रॅप तिला पाठ होता.

सार्स त्या गाण्यामुळे गेला असं मी म्हणणार नाही. तो गेला रुग्णांना वेगळं ठेवल्यामुळे, त्यांच्या संपर्कातल्या प्रत्येकाला शोधून काढल्यामुळे आणि नर्सेसच्या जिवावरच्या कष्टांमुळे. पण गाण्याने एक केलं. "ताप पाहा" असं ते म्हणत होतं आणि मुलाच्या दप्तरात थर्मामीटर होता. "डॉक्टरकडे जा" म्हणत होतं आणि ब्लॉकखाली दवाखाना होता. ऐकलेली गोष्ट लगेच करता येत होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आईंच्या गाडगेबाबांकडे वळते. आईंनी लहानपणी त्यांचं कीर्तन प्रत्यक्ष ऐकलं होतं. बाबा गावात यायचे ते हातात खराटा घेऊन. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. कीर्तन म्हणजे प्रवचन नव्हे, सवाल-जवाबच. बाबा विचारणार आणि सगळा गाव एका सुरात उत्तर देणार. दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका, घाण करू नका हे सगळं हसतखेळत. नुसतं सांगून ते थांबले नाहीत. गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयातल्या रुग्णांच्या नातेवाइकांचीही सोय केली. म्हणजे उपदेश आणि सोय दोन्ही हातात हात घालून. १९५६ च्या डिसेंबरात बाबा गेले. तेव्हा महाराष्ट्रात टीव्ही यायला सोळा वर्षं होती. मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते २ ऑक्टोबर १९७२ ला.

करमणुकीतून शहाणपण ही कल्पना टीव्हीवर पद्धतशीरपणे आणली ती मेक्सिकोतल्या मिगेल साबिदो यांनी. १९७० च्या दशकात त्यांनी ठरवून मालिका रचल्या. त्यांची रीत साधी होती. एक पात्र चांगलं वागणारं, एक वाईट वागणारं, आणि तिसरं आपल्यासारखं, म्हणजे दोन्हींच्या मध्ये लटकणारं. हे तिसरं पात्र चुकत-माकत बदलतं आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकही बदलतो. १९७७-७८ मधली त्यांची मालिका कुटुंबनियोजनावर होती. त्या काळात मेक्सिकोतल्या कुटुंबनियोजन केंद्रांत येणाऱ्या स्त्रियांची संख्या जवळजवळ एक तृतीयांशाने वाढली, असं तिथलं सरकार सांगत होतं. सगळं श्रेय मालिकेचं नसेल, कारण बाकीचे प्रयत्नही चालू होतेच. पण जगभर कुतूहल निर्माण झालं.

आणि इथे एक मराठी माणूस येतो! त्या वेळचे नभोवाणी मंत्री वसंत साठे. भारतात रंगीत टीव्ही आणण्यासाठी त्यांचं नाव घेतलं जातं. मेक्सिकोला भेट दिल्यावर अशी मालिका आपल्याकडेही हवी हे त्यांच्या मनात आलं, असं म्हणतात. त्यातून ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. लेखक मनोहर श्याम जोशी, दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी दोन शब्द सांगायला दादामुनी अशोककुमार. दारुडा बसेसर राम, सोशीक भागवंती, लल्लू, बडकी, मझली, डॉक्टर व्हायचं स्वप्न पाहणारी छुटकी... आमच्या वयाच्या मंडळींना ही नावं आपल्या चुलत-मावस भावंडांसारखी आठवतात. १५६ भाग झाले, दीडेक वर्ष मालिका चालली आणि जवळजवळ चार लाख पत्रं आली म्हणतात. त्या काळात शेजाऱ्यांच्या घरी खिडकीतून टीव्ही पाहणारे आम्ही! चार लाख लोक पोस्टाचं तिकीट लावून एका काल्पनिक कुटुंबाला पत्र लिहितात, ही साधी गोष्ट नव्हे.

पण मूळ हेतूचं काय झालं? सुरुवातीच्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा जोर फार होता. लोकांना तो डोस वाटला, तक्रारी आल्या, आणि मग लेखकांनी तो सूर बराच खाली आणून गोष्टीला पुढे केलं. अमेरिकेतले संशोधक अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी या मालिकेचा मुळापासून अभ्यास केला. त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. भागवंती हे पात्र "असं सोसत बसू नका" हे दाखवायला रचलं होतं. पण कितीतरी प्रेक्षकांना, आणि त्यात बायकाही आल्या, तीच आदर्श वाटली! सून असावी तर अशी! म्हणजे लेखक एक धडा लिहितो आणि प्रेक्षक आपल्या मनातलाच धडा वाचतो.

दुसरी गोष्ट दादीची. सुषमा सेठ यांनी रंगवलेल्या दादीला घशाचा कॅन्सर होतो आणि ती जाते, असं कथानक होतं. पण लोकांचा दादीवर इतका जीव जडला, की तिचं मरण पुढे ढकलत न्यावं लागलं. आमच्या आई सांगायच्या, त्यांच्या वाड्यातल्या बायका दादीसाठी देवाला नवस बोलल्या होत्या. आज हसू येतं. पण घरात कोणाला कॅन्सर झाला तर तो शब्दसुद्धा न उच्चारता "तो आजार" म्हणणारा तो काळ. त्या काळात संध्याकाळी सगळं घर एकत्र बसून कॅन्सर झालेल्या म्हाताऱ्या बाईबद्दल मोकळेपणी बोलत होतं, हे मला कमी वाटत नाही.

तिसरी गोष्ट जरा खट्याळ आहे. 'हम लोग'चे प्रायोजक होते मॅगी नूडल्सवाले. कुटुंबनियोजनाचं काय झालं यावर पंडित वाद घालोत, पण दोन मिनिटांची मॅगी मात्र भारतातल्या घराघरात पोचली आणि तिथून आपल्या पोरांबरोबर पार वुडलँड्सपर्यंत आली! टीव्हीचा परिणाम होतो का, असं कोणी विचारलं तर मी स्वयंपाकघरातलं कपाट उघडून दाखवते. फरक इतकाच, की मॅगी दुसऱ्या दिवशी सकाळी वाण्याकडे मिळत होती. पुन्हा तोच थर्मामीटरचा मुद्दा.

परदेशात यावर नेमकी मोजणी झाली आहे. ब्रिटनमधल्या 'कोरोनेशन स्ट्रीट' या जुन्या मालिकेत २००१ साली अल्मा नावाचं लाडकं पात्र गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने मरण पावलं. तिने तपासण्या चुकवल्या होत्या. पुढच्या १९ आठवड्यांत इंग्लंडच्या वायव्य भागात आदल्या वर्षीपेक्षा सुमारे १४,००० तपासण्या जास्त झाल्या, म्हणजे २१ टक्के वाढ. ऐकायला छान! पण डॉक्टरांनी बारकाईने पाहिलं तर त्यातल्या पुष्कळ बायका मुळातच नियमित तपासणी करणाऱ्या होत्या, घाबरून वेळेआधीच आल्या होत्या. वर्षानुवर्षं न आलेल्या त्या मानाने थोड्याच. अमेरिकेत 'ईआर' या मालिकेत १९९७ साली तातडीच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा उल्लेख आला. त्याबद्दल माहिती असणारे प्रेक्षक ५० टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेले आणि अडीच महिन्यांत पुन्हा ५० वर आले. म्हणजे गोष्ट एकदा सांगून भागत नाही. म्हणूनच आपल्याकडे कीर्तन दरवर्षी होतं!

याला काळी बाजूही आहे. ब्रिटनमध्ये 'कॅज्युअल्टी' या मालिकेत एका पात्राने औषधाचा घातक डोस घेतल्याचं दाखवलं. त्यानंतरच्या आठवड्यात तशा प्रकारे इस्पितळात दाखल होणाऱ्यांची संख्या १७ टक्क्यांनी वाढली, आणि त्यापुढच्या आठवड्यातही ९ टक्क्यांनी वाढलेली होती. १९९९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आत्महत्येची दृश्यं दाखवताना काळजी घ्या, असं डॉक्टर कळवळून सांगतात ते उगाच नाही.

आपल्याकडे पुढे बरेच चांगले प्रयत्न झाले. २००२ मध्ये दूरदर्शनवर 'जासूस विजय' आली. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस ट्रस्ट आणि नॅको यांच्या साहाय्याने केलेली ही गुप्तहेरकथा होती, आणि तिच्या आडून एड्सची माहिती दिली जायची. २०१४ मध्ये 'मैं कुछ भी कर सकती हूँ' आली. तिच्यातली डॉ. स्नेहा माथुर मुंबईची नोकरी सोडून खेड्यात जाते. मराठीत सिनेमाने हे काम जास्त केलं असं मला वाटतं. २००४ मध्ये 'श्वास' आला. डोळ्यांच्या कॅन्सरने दृष्टी जाणार असलेला नातू आणि त्याला जाण्यापूर्वी जग दाखवू पाहणारे आजोबा. त्याच वर्षी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई'ही आला, स्किझोफ्रेनियावर. "त्याला वेड लागलंय" ऐवजी "त्याला हा आजार आहे, औषध आहे" असं म्हणायला अनेक घरं त्या सिनेमामुळे शिकली असतील.

उपदेश न करणाऱ्या साध्या कौटुंबिक मालिकांचाही परिणाम होतो बरं का! रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी गोव्यासह भारतातल्या काही राज्यांतली खेडी पाहिली. जिथे केबल आली तिथे बायकोला मारणं योग्य मानणाऱ्या बायकांचं प्रमाण कमी झालं, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, मुलांची संख्याही घटली. सासू-सुनेच्या ज्या मालिकांना आपण नावं ठेवतो, त्यांतल्या शहरी, नोकरी करणाऱ्या बायका पाहूनच हे झालं असावं असं त्यांचं म्हणणं.

आता आमच्या आईंची गोष्ट. त्या सार्स संपल्यावर सुखरूप सांगलीला गेल्या. जाताना नातवाकडून एक थर्मामीटर मागून नेला आणि आळीत सगळ्यांना दाखवला. शेजारची बाळंतीण असो की कामवाली, आई हात धुवायला लावल्याशिवाय कोणाला बाळाजवळ जाऊ देत नसत. पिवळ्या बुटांच्या माणसाचं शिक्षण असं सांगलीत पोचलं.

२००९ च्या पावसाळ्यात एका रात्री त्यांना बरं वाटेनासं झालं. जबडा दुखत होता, पाठ भरून आली होती, मळमळत होतं, घाम येत होता. त्यांनी ठरवलं, पित्त झालंय. आलं-लिंबाचा रस घेतला, पाठीला बाम चोळला आणि पडून राहिल्या. माझे दीर शेजारच्याच खोलीत झोपलेले. त्यांना उठवलंसुद्धा नाही. सकाळी जाऊबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा आईंना धाप लागलेली. इस्पितळात ईसीजी काढल्यावर कळलं, हार्ट अटॅक येऊन सात-आठ तास झाले होते. आई वाचल्या, पण हृदयाचा बराच भाग कायमचा निकामी झाला. पुढची तीन वर्षं त्यांना जिनाही चढवला नाही. २०१२ मध्ये त्या गेल्या.

मी भेटायला गेले तेव्हा विचारलं, "आई, रात्रीच का नाही सांगितलंत?" त्या काय म्हणाल्या माहीत आहे? "अगं, मला वाटलंच नाही अटॅक असेल म्हणून. अटॅक आला की माणूस छाती धरून धाडकन पडतो ना? मी तर बसले होते चांगली."

कुठे पाहिलं होतं त्यांनी छाती धरून पडणारा माणूस? आपण सगळ्यांनी पाहिलंय तिथेच. प्रत्येक सिनेमात, प्रत्येक मालिकेत. वाईट बातमी येते, बाबा छातीला हात लावतात, हातातला पेला पडतो आणि पार्श्वसंगीत सुरू होतं. पन्नास वर्षं हाच एक हार्ट अटॅक आम्हाला शिकवला गेला. पुष्कळदा छातीत दुखतंच. पण बायकांना, मधुमेह असलेल्यांना आणि वयस्करांना ते जबड्यात, पाठीत, खांद्यात, मळमळीत किंवा नुसत्या धापेतही दिसू शकतं, हे एकाही मालिकेने आमच्या आईंना सांगितलं नाही. ज्या बाईने टीव्हीवरून हात धुवायला शिकून आख्खी आळी शिकवली, तिनेच टीव्हीवरून हेही शिकलं होतं.

टीव्हीचा दुसरा गोड गैरसमज. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 'ईआर'सारख्या मालिकांतले भाग पाहून मोजलं. हृदय बंद पडून छाती दाबून वाचवलेल्यांपैकी ७५ टक्के पात्रं तत्काळ वाचत होती आणि ६७ टक्के बरी होऊन घरी जात होती. खऱ्या आयुष्यात हे प्रमाण याच्या जवळपासही नाही. पण म्हणून शिकू नये असं नाही. उलट, आजूबाजूच्या कोणीतरी लगेच सुरुवात केली तरच आशा असते. सिंगापुरात आता एचडीबी ब्लॉकखाली लिफ्टपाशी हृदयाला झटका देणारं एईडी यंत्र लावलेलं असतं. येता-जाता आपण ते पाहतो आणि पुढे जातो. मी दोन वर्षांपूर्वी ते वापरायला शिकले. आईंच्या नावाने शिकले म्हणा.

मधल्या काळात फुआ चू कांग पुन्हा भेटला. कोविडमध्ये २०२० मध्ये आणि मग २०२१ मध्ये लस घ्या म्हणून सांगायला तेच पिवळे बूट, तोच तीळ! माझा मुलगा तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. व्हिडिओ पाहून तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "आजी असती तर पहिली रांगेत उभी राहिली असती." आता तर वुडलँड्समध्ये स्वतःचं मोठं रुग्णालयही झालं आहे. डिसेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या वुडलँड्स हेल्थचं जुलै २०२४ मध्ये रीतसर उद्घाटन झालं. २००३ मध्ये कोणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो!

मंडळी, आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील तिकडे आहेत. दर रविवारी फोनवर आपण विचारतो, "जेवलात का? मालिका बघितली का?" या दिवाळीत फोन कराल तेव्हा मालिकेत काय चाललंय ते जरूर विचारा आणि मन लावून ऐका. कोणाला कोणता आजार दाखवलाय, ते त्यांना खरं वाटतंय का, तेही विचारा. मग हळूच सांगा, की अटॅक नेहमी छाती धरून येत नाही. जबडा, पाठ, मळमळ, घाम, धाप यातलं काही अचानक झालं तर पित्त म्हणून झोपायचं नाही, घरातल्यांना उठवायचं, महाराष्ट्रात १०८ ला आणि इथे ९९५ ला फोन करायचा. हे एकदा सांगून भागणार नाही. अडीच महिन्यांनी पुन्हा सांगा.

आमच्या आईंना हे सांगणारा कोणी पिवळ्या बुटांचा माणूस भेटला नाही. तुमच्या आईंना तो फोनवरून तुम्हीच व्हा.